शेवटच्या सत्तावीस नोंदी

नॉर्थ होबार्टच्या बेकरीत शनिवारी सकाळी रांग दारापर्यंत आली होती. रोझलिंड स्केग्जच्या पुढे एक काठीवाला माणूस होता. साठीच्या अलीकडचा, रुंद खांद्यांचा, डावा पाय जरासा मागे ओढणारा. त्याने दोन सॉसेज रोल सांगितले. ते अजून भट्टीत होते, म्हणून गल्ल्यावरच्या बाईने हाक मारायला नाव विचारलं. तो म्हणाला, “वूलनॉ.” बाईने मान वर केली. “डोव्हरचे? ते पाणबुडे ना तुम्ही?” “तोच,” तो म्हणाला. “घाईत वर आलेला शहाणा.” आणि तो हसला. बाईही हसली. आपल्या जुन्या ऑपरेशनबद्दल चारचौघांत बोलून बोलून माणूस जसा हसायला लागतो, तसं ते हसू होतं. त्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. तो कडवट हसला असता तर रोझलिंड कदाचित पाव घेऊन घरी गेली असती. त्याची पाठ तिच्यापासून हातभर अंतरावर होती, कोटाच्या कॉलरखाली एक सुटलेला दोरा लोंबत होता, आणि हे नाव तिने दोन वर्षं फक्त कागदावर पाहिलं होतं. नावाला पाठ असेल, कॉलर असेल, त्याला सकाळी भूक लागत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा बाईने दोनदा विचारलं, काय देऊ. रोझलिंड म्हणाली, काही नको, आणि रांगेतून बाहेर पडली.

एलिझाबेथ स्ट्रीटच्या उतारावर ती चालत राहिली. घर चढावर होतं आणि ती उताराला लागली होती, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. एप्रिलचं, म्हणजे इथल्या शरदातलं ऊन होतं, अंगाला न लागणारं. डेस वूलनॉ दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर अ‍ॅबलोनी काढत असे. खडकाला घट्ट चिकटलेले ते तळहाताएवढे शिंपले पट्टीने उचकटायचे, जाळीत टाकायचे, आणि हवा वरच्या होडीतून लांब नळीने यायची. नळी सांभाळायला होडीवर त्याचा धाकटा भाऊ मरे. त्या दिवशी डेस अठरा मीटरवर बराच वेळ काम करून वर आला, होडीत चढता चढताच कोसळला आणि त्याचा कमरेखालचा भाग त्याचा राहिला नाही. रक्तात बुडबुडे झाले होते. खोलातून वर येताना पाच मीटरवर थांबायचं असतं, अंगात मुरलेला वायू सावकाश निघून जाऊ द्यायचा असतो, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी थांबलो होतो, असं डेस दवाखान्यात म्हणाला. तो थांबला होता, नळी माझ्या हातात होती, असं मरे म्हणाला. पण डेसच्या पट्ट्यावर खोली मोजणारं एक यंत्र होतं, साबणाच्या वडीएवढं, आणि त्यातून संगणकावर उतरवलेला आलेख म्हणत होता की नऊ मीटरवरून माणूस सरळ वर आला. रेघ नऊवर होती आणि तिथून थेट शून्यावर. यंत्राला कोणी भाऊ नव्हता. त्यामुळे यंत्राचं खरं मानलं गेलं.

ते यंत्र रोझलिंडने केलं होतं. म्हणजे डबी, काच, पट्टा हे सगळं लायनेलचं, ती ज्याच्याकडे कामाला होती त्याचं. कारखाना म्हणावा असा तो तीन खोल्यांचा डर्वेंट पार्कमधला पसाराही लायनेलचाच. पण डबीच्या आतली नखाएवढी चिप काय विचार करते ते रोझलिंडने लिहिलं होतं. चिप दर पंधरा सेकंदांनी एक खोली नोंदवायची. होडी किनाऱ्याला लागली की यंत्राला यूएसबीची केबल लावायची, आणि चिप साठवलेल्या नोंदी संगणकाकडे पाठवायची. एकेक पाठवत बसलं तर दिवस जाईल, म्हणून बत्तीस नोंदींचा एक गठ्ठा, चौसष्ट बाइट, बफरमध्ये जमवायचा. गठ्ठा भरला की तो रवाना, मग पुढचा. हे सगळं नीट चालायचं. फक्त सगळ्यांत शेवटी, गठ्ठा भरायच्या आतच नोंदी संपल्या, तर जे अर्धंमुर्धं बफरात उरलं असेल ते ढकलून द्यायला एक ओळ लिहावी लागते. ती ओळ रोझलिंडने लिहिली नव्हती. उरलेल्या नोंदी बफर भरण्याची वाट पाहत तिथेच बसत. मग केबल निघायची.

विसरली असती तर वेगळी गोष्ट होती. विसरणं माणसाला शोभतं. पण एका शुक्रवारी दुपारी ती टेबलावर यंत्राची चाचणी घेत होती, शंभर नोंदी पाठवल्या आणि पलीकडे शहाण्णव आल्या. चार कुठे गेल्या? तिने पुन्हा पाठवल्या, पुन्हा शहाण्णव. तिला क्षणात कळलं. तिने वहीत लिहिलं, ‘शेपूट अडकतं. नंतर बघू.’ त्या क्षणाकडे ती आजवर अनेकदा परत गेली होती, आणि प्रत्येक वेळी तिथे काहीतरी सापडावं अशी तिची इच्छा असायची. आई आजारी होती, असं काही. नवऱ्याशी भांडण झालं होतं. डोकं दुखत होतं. काहीच नव्हतं. खिडकी उघडी होती, शेजारच्या गॅरेजमध्ये कोणीतरी शिट्टी वाजवत होतं, लायनेलने चहा होतोय म्हणून हाक मारली होती, आणि ती उठून चहाला गेली. सोमवारी दुसरं काम निघालं. शिवाय नुकसान काय होतं? पाणबुडे वर आले की पट्टा होडीच्या कोपऱ्यात फेकतात, यंत्र तिथे पडल्या पडल्या अर्धा-पाऊण तास ‘शून्य, शून्य, शून्य’ नोंदवत राहतं. शेपूट म्हणजे नुसती शून्यं. शून्यं हरवली तर कोण रडतं? पाच वर्षं कोणी रडलं नाही. फक्त त्या एका दिवशी, भाऊ होडीत कोसळलेला असताना, मरे वूलनॉने त्याच्या कमरेचा पट्टा कापला आणि यंत्र तत्काळ बंद केलं. पुढे कोणी म्हणू नये की नोंदीत ढवळाढवळ झाली, म्हणून ते फडक्यात गुंडाळून ठेवलं. माणूस काळजी घेणारा होता.

आणि आलेखावरची ती सरळ रेघ? तीही तिचीच. शेवटच्या नोंदीनंतर आलेख हवेत लोंबकळलेला बरा दिसत नाही, असं लायनेल एकदा म्हणाला होता. तिने शेवटचा बिंदू पाण्याच्या पृष्ठभागाला जोडून टाकला होता. पाच मिनिटांचं काम.

अपघाताची चौकशी करणाऱ्यांनी कारखान्याला एक पत्र पाठवलं होतं, त्यात एकच प्रश्न होता: यंत्र खोली किती अचूक मोजतं? पत्र लायनेलने तिच्या टेबलावर ठेवलं. तिने उत्तर लिहिलं, पाच सेंटिमीटरच्या आत. ते खरं होतं. तिने तसं मोजून, तपासून, सहीनिशी लिहिलं होतं. नोंदी पूर्ण आहेत का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. आणि कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण कसं देणार, असं तेव्हा तिने स्वतःला विचारलं, तेही घाईघाईने, वरवर, जसं आपण घराला कुलूप लावलं का हे बसमध्ये बसल्यावर स्वतःला विचारतो आणि हो म्हणून टाकतो. निकाल वर्तमानपत्रात आला. कर्मचाऱ्याने थांबण्याचा नियम पाळला नाही. भावाची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी रोझलिंडने ती ओळ लिहिली. यंत्राची नवी आवृत्ती निघाली, सोबतच्या चिठ्ठीत ‘किरकोळ सुधारणा’ असे दोन शब्द होते. तो आकडा, अकरा, तिला पाठ होता. तरी त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिने कधी पूर्ण वाक्यात स्वतःशी म्हटलं नव्हतं. वाक्य सुरू व्हायचं आणि ती उठून काहीतरी करायला लागायची. भांडी घासायची. बहिणीला फोन करायची. बहीण म्हणायची, हल्ली तू फार वेळा फोन करतेस, बरं वाटतं.

चालता चालता ती बंदराशी आली होती. तिथून तिने टॅक्सी केली आणि डर्वेंट पार्कला गेली. शनिवार असल्याने कारखान्यात कोणी नव्हतं. चौकशीवाल्यांनी परत पाठवलेलं यंत्र लायनेलच्या कपाटात खालच्या कप्प्यात होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, वर क्रमांकाची चिकटपट्टी. ते तिथे आहे हे तिला दोन वर्षं माहीत होतं. कपाट उघडताना तिने नेहमी वरच्याच कप्प्याकडे पाहिलं होतं. नोंदी पाठवून झाल्यावर यंत्र त्या पुसत नाही. पुढच्या वेळी त्यांच्यावरूनच लिहायला लागतं, एवढंच. आणि या यंत्रात त्यानंतर कोणी काही लिहिलं नव्हतं. नसेलच काही, असं म्हणत तिने मागचं झाकण उघडलं, चिपला तारा जोडल्या आणि सगळी साठवण जशीच्या तशी वाचून घेतली. गठ्ठ्यांमागून गठ्ठे पडद्यावर आले. शेवटचा पूर्ण गठ्ठा नऊ पूर्णांक एकवर संपला. त्याच्या पुढे सत्तावीस नोंदी होत्या.

सात पूर्णांक आठ. सहा पूर्णांक दोन. पाच पूर्णांक एक. मग पाच, पाच पूर्णांक दोन, चार पूर्णांक नऊ, पाच पूर्णांक एक. ती बोट ठेवून मोजत गेली. बावीस नोंदी पाचाच्या आसपास, साडेपाच मिनिटं. मग तीन पूर्णांक चार, एक पूर्णांक सहा, आणि शेवटी काही सेंटिमीटर. त्या बावीस आकड्यांत समुद्र कळत होता. लाट आली की माणूस वीतभर वर, लाट गेली की वीतभर खाली. काहीतरी धरून तो तिथे लोंबत होता आणि वाट पाहत होता, जशी पाहायची असते तशी, शहाण्या माणसासारखी. रोझलिंडला एकदम त्या आकड्यांची लाज वाटली, कोणाला तरी न सांगता त्याच्याकडे बघत बसल्यासारखी. तिने ते कागदावर छापून घेतले. कागद अर्धाही भरला नाही.

लायनेलला तिने तिथूनच फोन केला. तो बागेत असावा, पाण्याचा आवाज येत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा नळ बंद केला. तो वाईट माणूस नव्हता. पंधरा वर्षांत त्याने कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. सोमवारपर्यंत थांब, वकिलाशी बोलू, मग ठरवू, तो म्हणाला. तो माणूस आता बरा आहे, रोझ, सगळं मागे पडलंय त्याच्या. आपण जाऊन खपली काढायची का? ती म्हणाली, तो बेकरीत स्वतःला शहाणा म्हणत होता. लायनेलला ते कळलं नाही, आणि तिला नीट सांगता आलं नाही.

रविवारी ती गाडी घेऊन डोव्हरला निघाली. हुओनव्हिलपर्यंत सफरचंदांचे मळे, तोडणी संपत आलेली, रस्त्याकडेला विकायला ठेवलेल्या पेट्या. तिच्या डोक्यात एक वाक्य तयार होत होतं: ‘मला हे कालच कळलं.’ ते फार चांगलं वाक्य होतं. त्यात खोटं काही नव्हतं. आकडे तिने कालच पाहिले होते. असं म्हटलं की ती, स्वतःची चूक सापडताच सुटीच्या दिवशी दीड तास गाडी चालवत आलेली बाई होत होती. जीव्हस्टन गेलं. तिने ते वाक्य तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज बरा लागत होता.

डेस वूलनॉचं घर धक्क्याच्या वरच्या बाजूला होतं. त्याने दार उघडलं, तिने नाव सांगितलं, ते यंत्र मी केलं होतं म्हणाली. काल बेकरीच्या रांगेत ती मागे उभी होती हे त्याला आठवलं नाही. तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला, खुर्चीवरची वर्तमानपत्रं काढली. त्याला वाटलं, ती बोलावणं घेऊन आली आहे. नव्या पाणबुड्यांच्या वर्गाला तो दर महिन्याला जात असे, तो आलेख भिंतीवर मोठा करून दाखवत असे आणि सांगत असे, हा मी. असं करू नका. हे त्याने तिला आपणहून सांगितलं, थोड्या अभिमानाने. एकाने येऊन सांगितलं होतं की तुमची रेघ आठवली म्हणून मी थांबलो. रोझलिंडने कागद टेबलावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. बफर, गठ्ठा, शेपूट. जेवढं साधं सांगता येईल तेवढं साधं. मधेच त्याने चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट फिरवायला लागला, अगदी तिने फिरवलं होतं तसंच, मोजत.

“म्हणजे मी थांबलो होतो,” तो म्हणाला.

“हो.”

“एक मासा होता समोर. निळ्या डोक्याचा. केल्प शेवाळाच्या देठाला धरून होतो मी, आणि तो माझ्या हातमोज्याला टोचे मारत होता.” त्याने चष्मा काढून कागदावर ठेवला. “दवाखान्यात तो मला चांगला आठवत होता. मग त्यांनी आलेख दाखवला. मी म्हटलं, असेल, दुसऱ्या कुठल्या दिवशीचा मासा असेल. हळूहळू तो दुसऱ्या दिवशीचा झालासुद्धा.”

रोझलिंडने मान खाली घातली. टेबलाच्या कापडावर कपाचा एक जुना गोल डाग होता. एखाद्या माणसाचा पाय गेला यात आपला हात नाही, एवढा एक आधार ती दोन वर्षं धरून होती. बुडबुडे तिने केले नव्हते. माणसाची आठवण काढून घेता येते हे तिच्या हिशेबात नव्हतं.

“थांबूनही रक्तात बुडबुडे होतात कधी कधी,” ती म्हणाली. “डॉक्टर सांगतात.”

“माहीत आहे मला.” तो प्रथमच जरा तुटक बोलला. मग म्हणाला, “मरेला मी खोटा म्हणालो. त्या चौकशीच्या खोलीत, सगळ्यांसमोर. म्हटलं, बाबा रे, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, शोभत नाही तुला. तो उठून गेला. किंग बेटावर असतो आता, क्रेफिश पकडणाऱ्या बोटीवर. नाताळलाही आला नाही.”

त्याने भिंतीजवळचा फोन उचलला, नंबर लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर स्वतः काहीच न बोलता फोन तिच्यापुढे धरला. “तू सांग त्याला,” तो म्हणाला. “तुझ्या तोंडाने.”

तिने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी लहान झालं, दोन मिनिटांतच संपलं. पलीकडे वारा होता, कोणीतरी लोखंडावर काहीतरी आपटत होतं, ते थांबलं. मरे वूलनॉचा आवाज भावासारखाच होता, फक्त कोरडा.

“तो थांबला होता हे मला त्याच दिवशी माहीत होतं,” तो म्हणाला. “नळी माझ्या हातात होती. मला हे सांगायला फोन केलात होय? तुम्हाला कधी कळलं ते सांगा.”

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. डेस समोर काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता आणि तिच्याकडे नाही, कागदाकडे बघत होता. तिने ते वाक्य म्हटलं असतं तर दोघांनीही ते मानलं असतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कदाचित त्यांनी तिचे आभारही मानले असते.

“यंत्रात खोट आहे हे मला ते विकायला काढायच्या आधीपासून माहीत होतं,” ती म्हणाली. “ती तुमच्या भावाला भोवली असेल, हे निकाल वाचला तेव्हा कळलं. मी गुपचूप दुरुस्ती केली. खात्री काल करून घेतली. करायची ठरवली असती तर दोन वर्षांपूर्वी एका तासात झाली असती.”

पलीकडे लोखंडावरचं आपटणं पुन्हा सुरू झालं. मग मरे म्हणाला, “डेसला द्या.”

डेस फोन घेऊन खिडकीशी गेला, पाठ करून उभा राहिला. तिला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. हो, तो म्हणाला. हो. नाही, मीच म्हणालो होतो, तू कशाला. मग नुसतं ऐकणं. त्याचे खांदे एकदा हलले, तो हसला की काय ते तिला कळलं नाही. कधी येतोस, त्याने विचारलं, आणि मग बोटींच्या वेळांबद्दल काहीतरी. ती खुर्चीत तशीच बसून होती. जा असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, आणि आपणहून उठण्याचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटेना.

फोन ठेवून तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता. तो बसला नाही.

“हा कागद राहू दे इथे,” तो म्हणाला. “आणि उद्या चौकशीवाल्यांना लिही. आत्ता मरेला सांगितलंस ते सगळं. त्यातलं काही गाळू नकोस.”

“नाही गाळणार.”

त्याने मान हलवली. तिने उठून कोट घातला. माफ करा, हा शब्द सकाळपासून तिच्या तोंडात होता, पण इथे तो ठेवायला कुठे जागाच दिसेना, म्हणून ती दाराकडे निघाली. तो काठी टेकत मागोमाग आला, दार उघडून धरलं, आणि ती उंबरा ओलांडणार तेवढ्यात म्हणाला, “बुधवारी वर्ग आहे माझा. चौदा नवी माणसं. दोन वर्षं मी त्यांना सांगत आलो, मी थांबलो नाही म्हणून हे असं झालं. तुम्ही थांबा, तुम्हाला काही होणार नाही.” त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, खरोखरच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. “आता काय सांगू त्यांना?”

रोझलिंड दारात उभी राहिली. खाली धक्क्यावर कोणीतरी होडी धूत होतं. तो दार धरून तिच्या उत्तराची वाट पाहत होता.